मु. पो. तेरखेडा : कोरड्या मुलखातील स्वस्त मुक्कामाचा इतिहास

१/
मराठी माणूस आपला पत्ता 'मु. पो.' अशी सुरुवात करून लिहितो. 'मु.' म्हणजे मुक्काम. अरबी 'मकाम' हा शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. त्याचा मूळ अर्थ थांबण्याची जागा. ज्या गावात सात पिढ्या नांदल्या, त्या गावालाही आपण पत्त्यात मुक्कामच म्हणतो. आजचा धागा या मुक्कामाविषयी आहे. परक्या गावात, खिशाला परवडेल अशा दरात रात्र काढण्याची सोय आपल्या मुलखात कोणी उभी केली? आणि तिचे दार कोणाकोणासाठी उघडे होते?

२/
मु. पो. तेरखेडा, ता. वाशी, जि. धाराशिव. सोलापूर–धुळे महामार्गावरचे हे गाव फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखले जाते. जवळच येरमाळ्याची येडेश्वरी आहे, त्याच महामार्गाने दक्षिणेला उतरले की तुळजापूरची भवानी. त्यामुळे या रस्त्यावर व्यापारी, ट्रकचालक आणि देवीचे भक्त असे तिन्ही प्रकारचे प्रवासी वर्षभर दिसतात. पाट्याही दोन प्रकारच्या असतात. 'हॉटेल' म्हणजे चहा, भजी आणि जेवण. अंग टाकायचे असेल तर 'लॉज' शोधावा लागतो.

३/
महाराष्ट्रात राजस्थानसारखे वाळवंट नाही. आपण हा शब्द पंढरपूरच्या चंद्रभागेतील वाळूसाठी वापरतो. पण बालाघाटाच्या डोंगररांगांवरचा हा पट्टा पर्जन्यछायेत येतो. वैशाखात माळ पिवळा पडतो, काळ्या रानाला भेगा जातात आणि संध्याकाळी क्षितिजापर्यंत एकही आडोसा दिसत नाही. पाहणाऱ्याला हे दृश्य भुरळ घालते. राहणाऱ्याला पाण्याची चिंता लागते. एप्रिल २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा मुलखात मुक्कामाचा इतिहास पाण्यापासूनच सुरू होतो.

४/
याच धाराशिव जिल्ह्यात तेरणा नदीकाठी तेर हे गाव आहे. (तेर आणि तेरखेडा ही दोन वेगळी गावे.) तेर हे गोरोबाकाकांचे गाव म्हणून वारकऱ्यांना ठाऊक आहे. इतिहासात ते 'तगर' या नावाने अवतरते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात तगराचा उल्लेख फार मोठे शहर असा येतो. तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये दाखवून दिले.

५/
पेरिप्लसचा कर्ता अंतर मैलांत सांगत नाही, दिवसांत सांगतो. भडोच बंदरापासून दक्षिणेला पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणच्या पूर्वेला तगर आणखी दहा दिवसांच्या वाटेवर. तगराचे कापड गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मोठ्या प्रदेशातून भडोचला जात असे. एका फेरीचा हिशेब मांडू : तीस दिवसांची वाट म्हणजे जवळजवळ तीस मुक्काम. प्रत्येक मुक्कामी बैलांना पाणी हवे, मालावर पहारा हवा आणि माणसाला आडोसा हवा. या तीन गोष्टी मिळाल्या नाहीत तर व्यापार थांबतो.

६/
ही सोय करणाऱ्या एका माणसाचे नाव आपल्याला दगडावर कोरलेले सापडते. नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा शिलालेख आहे. आपल्या दानांची यादी देताना तो सांगतो की भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे भडोच, मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि नालासोपारा, या ठिकाणी त्याने चौसोपी निवासस्थाने आणि आश्रयगृहे दिली. आपल्या प्रदेशातील वसतिगृहांचा हा अत्यंत जुना लेखी पुरावा.

७/
त्याच लेखात पुढे बागा, तळी आणि विहिरी येतात. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि डहाणुका या नद्यांवर उषवदाताने विनामूल्य नावांची सोय केली आणि नद्यांच्या दोन्ही तीरांवर 'सभा' व 'प्रपा' उभारल्या. सभा म्हणजे बसण्या-थांबण्याची जागा, प्रपा म्हणजे पाणपोई. आपला 'पाणपोई' हा शब्द ज्या कल्पनेतून आला, ती कल्पना इथे वसतीच्या शेजारी उभी आहे. निवारा आणि पाणी या दोन गोष्टी तेव्हापासून एकत्र मोजल्या जात होत्या.

८/
जुन्नरजवळचा नाणेघाट हा कोकण आणि देश यांना जोडणारा सातवाहनकालीन मार्ग. घाटमाथ्यावरच्या प्रशस्त लेण्यात राणी नागनिकेचा प्रसिद्ध लेख आहे आणि परिसरात खडकात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी दाखवून दिले की दख्खनमधील बौद्ध लेणी व्यापारी मार्गांच्या आधाराने वसली होती. व्यापारी विहाराला दान देत आणि विहारांमुळे ओसाड वाटेवर माणसांचा वावर राहत असे. तेरमधील त्रिविक्रम मंदिराची विटांची वास्तूही मुळात बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात.

९/
जगातील इतर कोरड्या मुलखांतही हेच घडले. इराणमध्ये एका दिवसाच्या मजलेवर कारवाँसराया बांधल्या गेल्या : जाडजूड भिंती, एकच मोठा दरवाजा, मधोमध चौक, कडेने खोल्या आणि पाण्याची सोय. अशा ५४ सरायांना युनेस्कोने २०२३ मध्ये जागतिक वारसा यादीत स्थान दिले. खोलीत सामान नसे. अंथरूण आणि भांडी प्रवाशाने आणायची. पाणी आणि रात्रीचा बंद दरवाजा ही सरायीची खरी देणगी.

१०/
मराठवाड्यातील याचे सुंदर उदाहरण म्हणजे छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या परिसरातील ही व्यवस्था अठराव्या शतकातील आहे. दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून आणून त्याच्या जोरावर जाते फिरवले जाई आणि त्या पिठावर दर्ग्यातील फकीर व आश्रितांचे पोट भरे. पाणी, पीठ आणि निवारा एकाच आवारात होता. ज्या सत्पुरुषाच्या नावाने हे उभे राहिले, त्याच्या नावातच 'मुसाफिर' आहे.

११/
अठराव्या शतकातील आणखी एक नाव याच कोरड्या पट्ट्यातले आहे. अहिल्याबाई होळकर (१७२५–१७९५) यांचा जन्म जामखेडजवळच्या चोंडीचा. धाराशिव जिल्ह्याची हद्द तेथून फार दूर नाही. त्यांनी देशभरातील तीर्थक्षेत्री घाट, विहिरी, अन्नछत्रे आणि धर्मशाळा बांधल्या. पंढरपुरातील होळकर वाडा आजही उभा आहे. दुष्काळी मुलखात जन्मलेल्या बाईच्या दानात विहीर आणि धर्मशाळा वारंवार शेजारी येतात, यात नवल नाही.

१२/
राजे आणि श्रीमंत यांची दाने मोठ्या मार्गांवर पोहोचत. साध्या गावात वाटसरू कुठे झोपत असे? मारुतीच्या देवळात, चावडीवर किंवा ओळखीच्या घराच्या ओसरीवर. भाडे नव्हते, पण प्रश्न होते. 'कोण तुम्ही? कुणीकडचे?' या दोन प्रश्नांच्या उत्तरावर जागा ठरे. ज्यांना देवळाच्या पायरीलाही शिवण्याची मुभा नव्हती, त्यांच्यासाठी महारवाड्यातील 'तक्क्या' असे. तक्क्या ही वस्तीची बैठकीची जागा; परगावाहून आलेला आपला माणूस तिथेच पथारी टाकत असे. एका गावात फुकट मुक्कामाच्या दोन जागा होत्या आणि दोन पाणवठे होते.

१३/
क्षेत्राच्या ठिकाणी भाविक आपल्या पुजाऱ्याच्या घरी उतरत. तुळजापूर आणि पंढरपूर दोन्हीकडे ही पद्धत रुजली होती. क्षेत्रोपाध्यायांच्या वह्यांत यजमानांची नावे, गावे आणि घराणी पिढ्यानपिढ्या नोंदलेली असत. यात्रेकरूला परक्या गावात ओळखीचे घर मिळे, हा या पद्धतीचा मोठा गुण. पण वहीत ज्याचे नावच नाही, त्याच्यासाठी दारही नव्हते. पंढरीच्या वारीत सारे एकमेकांच्या पाया पडत. रात्र झाली की मात्र मुक्काम जातीप्रमाणे वेगळे होत. ज्यांना छप्पर मिळत नसे, त्यांच्यासाठी चंद्रभागेचे वाळवंट होते. आपल्या भाषेतील वाळवंटाचा आणि स्वस्त मुक्कामाचा संबंध असा आहे.

१४/
ब्रिटिश हिंदुस्थानात १८६७ मध्ये सरायांसाठी कायदा झाला. सरायीची नोंदणी सक्तीची झाली. खोल्या, ओसऱ्या आणि गटारे साफ ठेवणे, प्रवासी व जनावरे जिथून पाणी घेतात त्या विहिरी आणि तळी स्वच्छ ठेवणे, राखणदार नेमणे आणि दरांचा तक्ता ठळक जागी लावणे ही चालकाची कर्तव्ये ठरली. आज लॉजच्या गल्ल्यामागे दिसणाऱ्या दरपत्रकाची परंपरा इतकी जुनी आहे. धाराशिव मात्र तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते. हा कायदा तिथला नव्हता.

१५/
मग रेल्वे आली. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांच्या बार्शी लाइट रेल्वेची अरुंद मापाची गाडी १८९७ मध्ये कुर्डुवाडी ते बार्शी धावू लागली. १९०६ मध्ये ती पंढरपूरला आणि १९११ मध्ये लातूरला पोहोचली. दिवसांत मोजली जाणारी वाट तासांत मोजली जाऊ लागली. तिकीट काढणाऱ्याला जात विचारली जात नसे. डब्यात सगळे एकत्र बसत. स्थानकावर उतरल्यावर मात्र जुना प्रश्न उभा राही : आता रात्री कुठे?

१६/
हा प्रश्न ज्याला सर्वांत कठोरपणे भेटला, त्याने तो लिहून ठेवला आहे. १९१७ मध्ये भीमराव आंबेडकर परदेशातील शिक्षणानंतर बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू होण्यासाठी गेले. हिंदू हॉटेलात जागा मिळणार नाही हे त्यांना माहीत होते. ते एका पारशी धर्मशाळेत गेले. रखवालदाराने रोज दीड रुपयात राहण्या-जेवण्याची सोय करण्याचे कबूल केले, पण एका अटीवर : नोंदवहीत नाव पारशी असले पाहिजे. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत हा प्रसंग सविस्तर आला आहे.

१७/
खोली लहान, वर अडगळीने भरलेले मोठे दालन, सोबतीला कोणी नाही. अकराव्या दिवशी सकाळी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी जिन्याने वर आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडण्याचे बजावून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे निवाऱ्याची विचारणा झाली. दोन्हीकडून नकारच आला. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला हा अधिकारी मुंबईची रात्रीची गाडी सुटेपर्यंत कमाठी बागेत बसून राहिला. दीड रुपया त्यांच्याजवळ होता. दर परवडत होता, तरीही मुक्काम मिळाला नाही. 'स्वस्त' या शब्दाचा अर्थ लावताना ही गोष्ट विसरता येत नाही.

१८/
१९३४ मध्ये डॉ. आंबेडकर सुमारे तीस सहकाऱ्यांसह वेरूळची लेणी पाहण्यास निघाले. वाटेत दौलताबादचा किल्ला होता. हा प्रदेश हैदराबाद संस्थानातला, म्हणजे धाराशिवच्याच राज्यातला. प्रवासाच्या धुळीने माखलेल्या मंडळींनी किल्ल्याच्या दाराशी असलेल्या हौदावर हातपाय धुतले. थोड्याच वेळात हौद बाटवल्याचा ओरडा झाला आणि जमाव जमला. अखेर किल्ल्यात कुठेही पाण्याला शिवायचे नाही, या अटीवर आणि सोबत शिपाई देऊन त्यांना आत सोडण्यात आले. बडोद्यात दार बंद झाले होते, दौलताबादला पाणी.

१९/
याच काळात दाराचा प्रश्न दुसऱ्या बाजूने सोडवणारा एक माणूस हातात खराटा घेऊन गावोगाव फिरत होता. गाडगे महाराजांनी (१८७६–१९५६) लोकवर्गणीतून पंढरपूर, नाशिक, आळंदी, देहू येथे धर्मशाळा उभ्या केल्या. पंढरपुरातील धर्मशाळेला त्यांनी चोखामेळ्याचे नाव दिले. ज्या संताला विठ्ठलाच्या देवळाबाहेर उभे राहावे लागले, त्याच्या नावाने पंढरीत हक्काचे छप्पर झाले. १९४९ मध्ये ही धर्मशाळा डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीकडे सोपवण्यात आली. मुंबईत उपचारांसाठी येणारे गरीब रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक यांच्यासाठी गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा आजही आधार आहे.

२०/
आता पुन्हा धाराशिव जिल्ह्यात येऊ. बार्शी लाइट रेल्वेच्या लातूर फाट्यावर कसबे तडवळे हे गाव आहे. फेब्रुवारी १९४१ मध्ये तिथे महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला डॉ. आंबेडकर आले. त्यांचा मुक्काम गावातील शाळेत होता. त्या शाळेची ओळख आजही त्या मुक्कामामुळे सांगितली जाते. बडोद्यात खोटे नाव लिहून जागा घ्यावी लागलेल्या माणसाच्या खऱ्या नावाने एक शाळा ओळखली जावी, यासाठी चोवीस वर्षे जावी लागली.

२१/
२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अंमलात आली. तिच्या १५व्या अनुच्छेदाचा दुसरा खंड या धाग्याच्या दृष्टीने नीट वाचावा. धर्म, वंश, जात, लिंग किंवा जन्मस्थान या कारणांवरून दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे, हॉटेले आणि करमणुकीची ठिकाणे यांत कोणालाही अटकाव करता येणार नाही, असे त्याचा पहिला भाग सांगतो. लगेच पुढच्या भागात शासकीय निधीतून राखलेल्या किंवा जनतेसाठी खुल्या केलेल्या विहिरी, तलाव, स्नानघाट आणि रस्ते येतात. उषवदाताच्या दानलेखात शेजारी असलेल्या वसती आणि पाणी या दोन गोष्टी घटनेतही शेजारीच आहेत. फरक एवढा की तिथे ते राजपुरुषाचे पुण्य होते, इथे तो नागरिकाचा हक्क आहे.

२२/
१९५५ मध्ये अस्पृश्यता गुन्हा कायदा झाला. पुढे १९७६ मध्ये त्याला नागरी हक्क संरक्षण कायदा हे नाव मिळाले. त्यात हॉटेलाबरोबर धर्मशाळा, सराय आणि मुसाफिरखाना ही तिन्ही नावे स्पष्ट लिहिलेली आहेत. तिथली भांडी वापरण्यास मज्जाव करणे हाही गुन्हा ठरला. कायदा लिहिणाऱ्यांना मुक्कामाचा इतिहास माहीत होता, म्हणूनच जुन्या दारांची नावे त्यांनी एकेक करून लिहिली.

२३/
पुढे सोयी वाढल्या. १९७५ मध्ये महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळ स्थापन झाले. देवस्थानांनी भक्तनिवास बांधले. शेगाव आणि शिर्डीसारख्या ठिकाणी माफक दरात स्वच्छ खोली मिळते. महामार्गांवर खासगी लॉज उभे राहिले. मोबाइलवर दर पाहून खोली ठरवता येते. तरीही आडनाव ऐकून, धर्म ओळखून किंवा एकटी बाई पाहून 'खोली शिल्लक नाही' असे सांगितले जाण्याचा अनुभव पुष्कळांच्या वाट्याला आजही येतो. दरपत्रकात या नकाराचा उल्लेख नसतो.

२४/
म्हणून स्वस्त मुक्कामाची किंमत मोजताना तीन रकमा धराव्या लागतात : पाणी, कडी आणि दार. कोरड्या मुलखाने पाण्याचा आणि सुरक्षित कडीचा प्रश्न दोन हजार वर्षांपूर्वीच हाती घेतला. त्यावर राजांनी, भिक्षूंनी, फकिरांनी आणि व्यापाऱ्यांनी खर्च केला. दाराचा प्रश्न मात्र ज्यांना बाहेर उभे केले गेले, त्यांनाच लढून सोडवावा लागला. तो खर्च कोणत्याही दानलेखात कोरलेला नाही.

२५/
पुढच्या वेळी सोलापूर–धुळे रस्त्यावर रात्र झाली आणि तेरखेड्याच्या आसपास एखाद्या लॉजवर थांबलात, तर गल्ल्यावरची नोंदवही जरा निरखून पाहा. नाव, गाव, कुठून आलात, कुठे जाणार, ओळखपत्राचा क्रमांक आणि सही. जातीचा रकाना नाही. शेजारी पाण्याची बाटली, भिंतीवर दरपत्रक, हातात किल्ली. ही साधी मांडणी व्हायला तगराच्या गाडीवानापासून बडोद्याच्या बागेत बसलेल्या त्या तरुणापर्यंत फार मोठी वाट चालावी लागली आहे.

आपल्या गावात जुनी धर्मशाळा, सराय, मुसाफिरखाना किंवा तक्क्या असेल, तर ती कोणी बांधली आणि तिथे कोण उतरत असे, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून खाली अवश्य लिहा. अशा जागा पडून जातात. त्यांच्या आठवणी निदान नोंदलेल्या असाव्यात.

(समाप्त)